होळीच्या आधी, न सांगता

फाल्गुन लागला की नाशिकच्या पूर्वेकडच्या रस्त्यांवर द्राक्षांचे दोन वास येतात. एक पिकलेल्या द्राक्षांचा, दुसरा आंबलेल्या. पहिला खोक्यांत भरून लांब निघून जातो, दुसरा इथंच राहतो. बांधावर फेकलेल्या तडकलेल्या मण्यांवर गांधीलमाश्या घोंगावतात. सायखेड्याच्या बाजूने येणाऱ्या टेम्पोंत बायका दाटीवाटीने उभ्या असतात, कमरेला कात्री खोचलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. याच दिवसांत तिकडे पश्चिमेला, पेठच्या घाटात, पळस फुललेला असतो. ज्यांच्या दाराशी तो फुलतो त्या बायका या टेम्पोंत असतात.

यंदाही हंगाम आला आणि यंदा त्याच्याबरोबर एक सिनेमाही आला. पुष्कळ वर्षांनी घरी परतलेल्या एका माणसाचा. शहरात तो जोरात चालला आहे. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीने वाचकांना विचारलंय, घरी परतण्याच्या कुठल्या सिनेमाने, कुठल्या पुस्तकाने तुम्हाला हलवलं, शंभर शब्दांत कळवा. निवडक पत्रं छापून येतात. मी ती सगळी वाचली. एका पत्रात लिहिलंय, सिनेमा पाहून आल्यावर मी गावच्या चुलतभावाला फोन केला. दुसऱ्यात, डोळे पाणावले. तिसऱ्यात, आपण काय गमावलं ते कळलं. चौथ्यात पुन्हा डोळे पाणावले आहेत. गावाला घर असलेली, हवं तेव्हा जाता येणारी, रजा मागितली तर मिळणारी माणसं, न गेल्याबद्दल रडताहेत. मी पुरवणी घडी करून ठेवली आणि चहा करायला उठले. दूध उतू गेलं तरी लक्ष नव्हतं.

असे अभिप्राय मी एकेकाळी डबा भरून गोळा केले आहेत. म्हणून हा राग.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या चित्रपट मंडळाचं पत्रक काढायचं काम माझ्याकडे होतं. ते माझ्याकडे आलं यात नवल नव्हतं. माझ्या वडिलांचा जुन्या नाशकात, पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावरचा, एक छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील चालायचे. संपाची पत्रकं, पाण्याच्या मोर्चाची पत्रकं, कुणाला कामावरून काढलं त्याचं पत्रक. मी वाचायला शिकले ती टेबलाखाली पडलेल्या रद्द प्रतींवर. 'जाहीर सभा' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. शाई ओली असलेला कागद कसा धरायचा हे मला वेणी घालायच्या आधी यायचं. वडिलांचा एक नियम होता: निनावी पत्रक छापायचं नाही. कुणी घाबरत घाबरत म्हणालं की खाली नाव नको, तर ते मजकूर परत द्यायचे. नाव नसलेलं पत्रक म्हणजे नुसती कुजबुज, असं म्हणायचे. मला तो नियम फार आवडायचा. अजूनही आवडतो, म्हणून तर अवघड आहे.

मंडळात दर महिन्याला एक सिनेमा, एका शाळेच्या सभागृहात. दाराशी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला. सिनेमा संपला की प्रत्येकाला अर्धं कापलेलं पोस्टकार्ड मिळायचं, त्यावर अभिप्राय लिहून डब्यात टाकायचा. अधूनमधून पुस्तकांवरही बैठक व्हायची. त्या माघात आम्ही ओळीने घरी परतण्याच्याच गोष्टी घेतल्या होत्या. आधी एक कादंबरी, मग एक सिनेमा. सिनेमातला माणूस तीस वर्षांनी गावी येतो. स्टेशनवरून चालत येतो, उंबऱ्यावर थांबतो, आत म्हातारी आई डाळ निवडत बसलेली असते. ती मान वर न करता त्याचं नाव घेते. इथं सभागृहात सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज आले होते.

कार्डं मजेशीर असायची. मनमाडहून दर वेळी पॅसेंजरने येणारे एक रेल्वेतले गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं होतं, तीस वर्षांत या माणसाला एकदाही पास मिळाला नाही हे पटत नाही. देवळाली कॅम्पातल्या एका सुभेदाराच्या बायकोने लिहिलं होतं, परतणारा माणूस चांगला दाखवला आहे, पण घरातल्या बाईने मधली तीस वर्षं काय केलं ते दोन मिनिटं तरी दाखवायचं. ते कार्ड मी बाजूला काढून ठेवलं. बाकीच्यांचे डोळे पाणावलेलेच होते. कादंबरीवरच्या बैठकीत एका प्राध्यापकांनी सांगितलं की परतणं ही मुळात मनाची अवस्था आहे. मी तेव्हा हसले नाही. आता हसते.

सगळ्यात जास्त रडले होते भाऊसाहेब. भाऊसाहेब मंडळाचे जुने सभासद, सायखेड्याच्या अलीकडे त्यांची द्राक्षबाग. चांगला माणूस. खरंच सांगते, उपरोधाने नाही. पुस्तकं वाचायचे, वडिलांच्या छापखान्याला दिवाळीत मोठं काम द्यायचे, मजुरांशी अरेतुरे करायचे नाहीत. पैसे वेळेवर. त्या दिवशी रुमाल घडी करत ते मला म्हणाले की हा सिनेमा आमच्या बागेवरच्या लोकांना दाखवायला हवा, तीही घर सोडून आलेली माणसं आहेत. मला वाटलं, हेच तर मंडळाचं काम. मी लगेच हो म्हटलं.

बाजाराच्या दिवशी दुपारी, काम बंद असताना, त्यांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर लावला. अंधार करायला दारांवर गोणपाटं टांगली होती. गोणपाटाच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडद्यावरच्या आईच्या तोंडावर पडत होते. तीस-चाळीस बायका-पुरुष खोक्यांवर, जमिनीवर बसलेले. पेठच्या पलीकडच्या डोंगरातली ही माणसं. भात आणि नागली घरात आली की दिवाळीनंतर खाली उतरतात, द्राक्षाच्या घडांची विरळणी करतात, घड औषधात बुडवतात, मग काढणी. शेडच्या मागे त्यांच्या झोपड्या होत्या.

इथं लोक वेगळ्याच जागी हसत होते. माणूस विहिरीवर पाणी पितो तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, दोर कोण ओढंल, नोकर ठेवलाय का. आई मान वर न करता नाव घेते तेव्हा तर एक बाई मोठ्याने हसली. संपल्यावर मी वही काढून अभिप्राय विचारत फिरले. बहुतेक जण पदराआड लाजत होते. जी हसली होती तीच बोलली.

तिला मी मंजुळा म्हणते. तिचं नाव हे नाही. गावाचं नावही देत नाही.

मंजुळा म्हणाली, "खोटं हाय ते, ताई. तीस साल गेलेला आन् आईनं बघायच्या आधी वळखला? माझी पोरगी तीन म्हैन्यांत मला वळखत नाय."

शेजारच्या बायका हसल्या. मग ती सांगत गेली आणि त्या हसायच्या थांबल्या. मुलगी चार-पाच वर्षांची, गावी आईपाशी ठेवलेली. मागच्या साली होळीला ती घरी गेली तर पोरगी आजीच्या लुगड्याआड लपली. दोन दिवस जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी हाताला धरून होळीपाशी घेऊन गेली, चौथ्या दिवशी कुशीत झोपली आणि पाचव्या दिवशी मंजुळा परत बागेवर आली. ते पाच दिवस होते म्हणून निभावलं, म्हणाली. नाहीतर पोरीनं आजीलाच आई धरलं असतं.

मी विचारलं, ऐन काढणीत पाच दिवस सुट्टी मिळते? तेव्हा सगळ्याच बोलायला लागल्या. सुट्टी कुणी मागतच नाही. होळीच्या दोन दिवस आधी पहाटे उठायचं आणि निघायचं. भांडीकुंडी गाठोड्यात बांधून झोपडीत दिसेल अशी ठेवायची. मालक सकाळी येतो, चूल गार बघतो, गाठोडं बघतो, आणि समजतो की परत येणार आहेत. मालक विचारत नाही आणि मजूर सांगत नाही. सगळ्या बागांवर असंच चालतं, बापाच्या वेळेपासून. मंजुळा म्हणाली, "सांगून जायचं म्हणलं तर त्याला नाय म्हणावं लागंल ना. कशाला त्या माणसाला तोंडावर नाय म्हणायला लावा."

इतकं शहाणं वाक्य मी त्या वर्षात कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. मला ते जसंच्या तसं छापायचं होतं. मी विचारलं, नाव घालू का? ती म्हणाली, नाव छापत्यात? मी म्हटलं, हो, नाव-गाव दोन्ही. ती खुशीत हसली. बाकीच्या तिला चिडवायला लागल्या की आता ही पेपरात जाणार, हिला सरपंच करा. ती कशाला हो म्हणाली हे मी तेव्हा समजून घेतलं नाही. जत्रेत फोटो काढतात तसं काहीतरी तिला वाटलं असणार.

पत्रक निघालं. पहिल्या पानावर शहरातले अभिप्राय घेतले, दुसऱ्यावर बागेवरचे. मथळा मी घातला: 'तुमचे डोळे पाणावले, त्यांचं काय?' बावीस वर्षांच्या मुलीने घालावा तसाच मथळा. मंजुळाचं बोलणं चौकटीत, ठळक, खाली तिचं नाव आणि गाव. वडील टाइप जुळवत होते. चौकटीपाशी त्यांचा हात थोडा थांबला आणि त्यांनी विचारलं की बाईला हे वाचून दाखवलं होतंस ना. मी म्हटलं, तिनेच सांगितलंय सगळं. हे उत्तर नव्हतं. त्यांनी टाइपाचे पुढचे खिळे उचलले.

भाऊसाहेब पुढच्या बैठकीत मुद्दाम माझ्यापाशी आले. म्हणाले, छान काढलंयस, आमच्या बागेतून अशी समीक्षक निघेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, निदान मला दिसलं नाही. माझी मान ताठ झाली होती.

नाशकात रंग खेळतात तो होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला. त्या दिवशी दुपारी केसांत गुलाल आणि बाहीवर हिरवे डाग घेऊन मी बागेवर गेले. पिशवीत पत्रकाच्या दहा प्रती होत्या. मला वाटलं, बायका एव्हाना गावाहून परतल्या असतील, मंजुळाला तिचं नाव दाखवू. सगळ्या कामावर होत्या. वेलींच्या मांडवाखाली ओळीने उभ्या, कात्र्या चालू होत्या. कुणाच्याही अंगावर रंग नव्हता.

त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने मला ओळखलं आणि कात्री थांबवली. "तूच छापलंस ना?" एवढंच म्हणाली.

बाकीचं हळूहळू, तुकड्यातुकड्याने कळलं. होळीला चार दिवस असताना भाऊसाहेब झोपड्यांपाशी आले होते. हातात पत्रक आणि एक पेढ्यांचा पुडा. त्यांनी सगळ्यांना बसवून चौकट वाचून दाखवली, मंजुळाच्या नावासकट, आणि मनापासून कौतुक केलं. पेढे वाटले. मग म्हणाले, आता तुम्ही एवढं मोकळेपणी सांगितलंच आहे तर लपूनछपून जायचं काय कारण? आपल्या घरच्यासारखं आहे. मी तुम्हाला माझ्या टेम्पोने घरापर्यंत पोचवतो. फक्त खालच्या दोन एकरांची काढणी होऊ दे, माल बोटीवर जायचा आहे, तारीख ठरलेली आहे. ती झाली की लगेच.

पहाटे उठून जाणं आता शक्य नव्हतं. कुणी कुलूप लावलं नव्हतं. पण ज्याने समोर बसून, नाव घेऊन, टेम्पो कबूल केला त्याच्या तोंडावरून उठून कसं जायचं? आता मजुरांनाही तोंडावर नाही म्हणता येईना. होळी झोपड्यांपुढेच केली, वेलींच्या छाटलेल्या काड्यांची. भाऊसाहेबांनी घरून पुरणपोळ्या पाठवल्या. होळीनंतर तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. शब्द पाळला. लोकांना घाटापार पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेम्पोने परत आणलं, कारण वरचा प्लॉट पिकून उभा होता आणि टेम्पो लागणार होता. गावात होळीचा ढोल संपला होता. एक संध्याकाळ मिळाली.

हे सगळं बाकीच्या बायकांनी सांगितलं. मंजुळा ओळीच्या टोकाला होती. घड हातात घ्यायची, खराब मणी कात्रीने उडवायची, घड खाली ठेवायची, दुसरा घ्यायची. मी जवळ जाऊन पत्रक पुढे केलं, मूर्खासारखं, कारण हातात तेवढंच होतं. तिने ते घेतलं, मोडलेल्या खोक्याच्या तळाशी पसरलं आणि त्यावर घड ठेवला. रागाने नाही केलं. द्राक्षाखाली कागद घालतातच.

घरी आल्यावर मी भाऊसाहेबांवर पत्रक लिहायला बसले. चार पानं लिहिली. मालकांचं गोड बोलणं, पेढे, पुरणपोळी, सगळं त्यात होतं. वडिलांना दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, चष्मा काढला, आणि मला जे सांगितलं त्याने माझं लहानपणापासून पाठ केलेलं एक वाक्य उलटून पडलं.

"पत्रकाखाली नाव असतं ते काढणाऱ्याचं," ते म्हणाले. "तू तिचं घातलंस."

मी पत्रक उघडून पाहिलं. माझं नाव होतं. मागच्या पानावर, सगळ्यात खाली, संपादन या शब्दापुढे, सर्वांत बारीक टाइपात. तिचं ठळक आणि चौकटीत. मी आयुष्यभर ज्याला धीट समजत आले ते काम मी दुसरीच्या नावावर केलं होतं. ती चार पानं मी छापली नाहीत. कशी छापणार? भाऊसाहेबांवर लिहायचं तर आरोप काय करायचा, टेम्पो दिला हा? आणि साक्षीला पुन्हा कुणाचं नाव?

पुढच्या वर्षी मंडळाच्या वार्षिक बैठकीत भाऊसाहेबांनी हे सगळ्यांना सांगितलं. त्या सिनेमाने मला मजुरांकडे माणूस म्हणून बघायला शिकवलं, म्हणाले. आता आमच्याकडची माणसं होळीला पळून जात नाहीत. काही बायकांनी तर लेकरंच सोबत आणली आहेत, त्यांच्यासाठी शेडमध्ये झोळी बांधायला जागा दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी घर म्हणजे भिंती थोड्याच, माणसं असतात, असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या वाढल्या. मी दारापाशी डबा घेऊन उभी होते. त्यात कार्डं पडत राहिली. त्या महिन्यानंतर मी मंडळ सोडलं. कारण विचारलं तेव्हा एम.ए.ची परीक्षा आहे असं सांगितलं, हे धीटपणाबद्दल बोललेच आहे म्हणून सांगून टाकते.

घर म्हणजे माणसं. ऐकायला किती बरं वाटतं. मंजुळाच्या मुलीचं गावच्या शाळेत नाव घालायचं वय झालं होतं आणि ती द्राक्षाच्या मांडवाखाली, खोक्यांच्या कागदाचे बोळे करत बसली होती. हे मी पाहिलं. बैठकीनंतरच्या आठवड्यात मी बागेवर गेले होते. माफी मागायची होती. वर्ष लागलं मला तेवढ्यासाठी सायकलवर बसायला.

मुलगी आईच्या पायाशीच होती. मंजुळा ओळ बदलायची की तीही उठून, बोळे ओच्यात गोळा करून मागे जायची. आईला क्षणभर नजरेआड होऊ देत नव्हती. तिला आई पक्की ओळखू येत होती. एवढं तर झालं, असं माझ्या मनात आलं, आणि त्या विचाराची मला लाज वाटली.

मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. मंजुळाने मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, कळलं नाही. म्हणाली, तू काय खोटं लिव्हलं नाय. मी बोलली तेच लिव्हलं. मग तिने पुढचा घड हातात घेतला. पलीकडच्या ओळीत कुणीतरी रेडिओ लावला होता. मी विचारलं, होळीला जाणार का यंदा. म्हणाली, आता कुणासाठी घाई करायची, पोरगी हितंच हाय. आई एकलीच राहती तिकडं. तिनं बोलावणं धाडलंय, बघू.

आणि मग मी ते विचारलं जे मला वर्षभर विचारायचं होतं. त्या एका संध्याकाळी, टेम्पो पोचल्यावर, घरी काय झालं?

तिने कात्री थांबवली. मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लिव्हणार हाय का?"

मी म्हटलं, नाही.

"खरं?"

"खरं."

ती खाली बसली, मुलीच्या डोक्यावरचा पालापाचोळा काढत तिने मला सगळं सांगितलं. फार नव्हतं. चार-पाच वाक्यं असतील. मी ऐकलं आणि सायकल घेऊन परत आले. गोदावरीच्या पुलावर वारा इतका होता की उतरून चालावं लागलं.

यंदा पुरवणीवाले शंभर शब्द मागताहेत. तिची चार-पाच वाक्यं त्यात आरामात बसतील, आणि ती छापून आली तर शहरातले सगळे डोळे पाणावतील, हे मला पक्कं माहीत आहे. मी ती पाठवणार नाही. इथंही ती लिहिलेली नाहीत.